काकूंचा लाल ठिपका आणि दोन स्क्रू

...दोनच तर स्क्रू होते हो! दोन! म्हणजे दहा असते, वीस असते, तर माणूस म्हणतो जाऊ दे, चुकला असेल एखादा... पण दोन! आणि तेसुद्धा केवढे? जिऱ्याएवढे! फोडणीत पडले तर कळणार नाहीत, एवढे! आणि या दोन जिऱ्यांनी, तुम्हाला सांगतो, आमच्या नरेंद्रकाकांना, ज्या माणसानं चौतीस वर्षं हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सचे बोल्ट आवळले... म्हणजे स्वतः नाही आवळले, किती आवळायचे ते कागदावर लिहून खाली सही केली... त्या माणसाला टेक्सासातल्या अर्विंगमध्ये स्वतःच्या घरात, स्वतःच्या कार्पेटवर, शनिवारी सकाळी चक्क रांगायला लावलं!

थांबा, मी मधूनच सुरू केलं. काकूंपासून सांगायला पाहिजे, कारण पिस्तूल काकूंचं. हां, दचकू नका! सुचित्राकाकू म्हणजे काय दरोडेखोर नाहीत. अर्विंगच्या हायस्कुलात सव्वीस वर्षं बीजगणित शिकवलं त्यांनी. पण त्याआधी, नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीत रायफल चालवायच्या, आणि नेम असा की सुभेदारसाहेब म्हणायचे, "बेटी, टारगेट के पैसे लगते हैं, जरा कम मारो!" मग लग्न, टेक्सास, अनिका, शाळा, पेपर तपासणं... रायफल राहिली नागपुरात. रिटायर झाल्यावर बाकीच्या मावश्या-काकू योगाला जायला लागल्या, आणि आमच्या काकू एक दिवस भाजी आणायला म्हणून बाहेर पडल्या त्या शूटिंग रेंजची मेंबरशिप घेऊन आल्या. भाजी? भाजी नाहीच आणली!

सहा वर्षं झाली. दर दुसऱ्या रविवारी मॅच. समोर लोखंडी थाळ्या उभ्या, ओळीत सहा. गोळी लागली की थाळी मागे पडते, टण्ण! काकू सहातल्या पाच पाडायच्या, आणि घरी येऊन पोहे खाता खाता सहावी का राहिली ते सांगायच्या.

मग मागच्या हिवाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उत्तम झालं! लांबचं असं लख्ख दिसायला लागलं की पार्किंगच्या पलीकडच्या गाडीचा नंबर वाचतील. पण हातभर अंतरावरचं? पुसट! आणि पिस्तुलाच्या पुढच्या टोकावरची ती नेम धरायची खूण असते ना, ती बरोबर हातभर अंतरावर! काकू पिस्तूल धरायच्या, थाळी स्वच्छ, आणि खूण... जणू कुणी ओल्या बोटानं पुसलीय. सहातल्या दोन पडायला लागल्या. मग एक. मग काकूंनी पिस्तूल तिजोरीत ठेवलं, म्हणाल्या, "झाली हौस," आणि कपाटं आवरायला घेतली.

आता कपाटं आवरणं वाईट नाही. पण तिसऱ्या आठवड्यात काका स्वयंपाकघरात गेले तर डाळी इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावलेल्या! सीला चणा, एमला मसूर, मग मूग, शेवटी टीला तूर! काका मला म्हणाले, "अरे, त्या बरण्या मी दोनदा वाचल्या. ही बाई अशी नव्हती रे."

आणि मग वाढदिवसाला अनिकाची पेटी आली. अनिका त्यांची मुलगी, तिकडे लांब हर्नडन गावात अँब्युलन्सवर पॅरामेडिक आहे, रोज लोकांचे जीव वाचवते आणि रोज आईला फोन करून विचारते की वरणात हिंग आधी का नंतर. तर तिनं पाठवली लाल ठिपक्याची काच. रेड डॉट म्हणतात. अर्ध्या काडेपेटीएवढी वस्तू, पिस्तुलाच्या वर बसवायची, आणि काचेतून बघितलं की समोर एक लाल ठिपका दिसतो. जिथे ठिपका तिथे गोळी. पुढची खूण नको, मागची खाच नको, नजर सरळ लांब, थाळीवर. म्हणजे काकूंच्या नव्या डोळ्यांसाठीच जणू कुणी बनवली! बसवायची कशी? तर... दोन स्क्रू! दोनच तर स्क्रू!

अनिका फोनवर म्हणाली, "बाबा, प्लीज, टेक इट टू अ शॉप. डोन्ट डू इट युअरसेल्फ, ओके? दे डू इट इन टेन मिनिट्स."

झालं! ते "डोन्ट" लागलं ना काकांना! तुम्हाला सांगतो, रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती, आणि तीन वर्षांत या माणसाला कुणी काही दुरुस्त करू दिलं नव्हतं. डिशवॉशर बिघडला तर तो स्वतःच कंपनीला मेसेज पाठवतो. गाडीचं बॉनेट उघडलं तर आत प्लॅस्टिकचं झाकण, झाकणावर लिहिलंय हात लावू नका. पाना हातात घेऊन माणसानं जायचं कुठे? आणि आता पोटची पोरगी म्हणते डोन्ट! काका म्हणाले, "अनिका, मी हेलिकॉप्टर उडवलीत." "यू नेव्हर फ्लू वन, बाबा." "पडू दिली नाहीत ना? दोनच तर स्क्रू आहेत!"

तर शनिवार. न्याहारी झालेली. मॅच रविवारी दहाला. काकूंनी पिस्तूल आणलं, गोळ्या तिजोरीतच, मॅगझिन बाहेर काढलं, आत डोळ्यानं बघितलं, बोट घालून बघितलं, आणि मग काकांच्या हातात दिलं. म्हणाल्या, "आता तुम्ही बघा." काका म्हणाले, "अगं, तू आत्ताच बघितलंस की!" "मी बघितलं ते माझं. तुम्ही बघाल ते तुमचं." सव्वीस वर्षं बीजगणित! काकांनी बघितलं. रिकामं. मग पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, स्लाइड, ती काढून टॉवेलवर ठेवली. कपाळावर बॅटरी बांधली. दोन चष्मे, एकावर एक. शस्त्रक्रियाच!

ज्या जागी काच बसवायची तिथे कंपनीनं एक छोटं झाकण लावलेलं असतं. ते काढायचं. त्याला किती स्क्रू? बरोबर, दोन! काकांनी पाना लावला, फिरवला. हलेना. जोर लावला. हलेना. कंपनीनं आत गोंद घालून बसवलेले! आणि काकांचा हात कसला, तर हेलिकॉप्टरच्या बोल्टांचा अंदाज असलेला! तिसऱ्यांदा जोर लावला आणि... कच्च्! स्क्रूच्या डोक्यातली खाच झिजून गोल. पाना आत नुसताच गरगर फिरतोय, कीर्तनकार फिरावा तसा.

आणि नेमका तेव्हाच बेल वाजवून रवी आला. शेजारचा रवी, सॉफ्टवेअरवाला, कुकर परत द्यायला आला होता. आता कुकर द्यावा आणि जावं की नाही? नाही! "काका, काय चाल्लंय? ओह, रेड डॉट! काका, यूट्यूबवर एक बंदा आहे ना, तो म्हणतो की पहिले..." "रवी, तू कधी स्क्रू फिरवला आहेस का आयुष्यात?" "आयकियाचं टेबल जोडलं होतं, काका." "उभं आहे?" रवी कुकरचं झाकण बघायला लागला. पण गेला नाही! खुर्ची ओढून बसला, कुकर मांडीवर!

पण मानलं काकांना हां, इथे मानलं. त्यांनी सोल्डरिंगचं जुनं इस्त्रीसारखं तापणारं हत्यार काढलं, त्याचं टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवलं, आतला गोंद नरम होईपर्यंत धरलं, मग डोक्यात एक जरा मोठा पाना हळूच ठोकून बसवला, आणि फिरवला... सुटला! दुसराही सुटला! रवीनं टाळ्या वाजवल्या, कुकर पडता पडता राहिला. काकांनी आतल्या खोलीकडे बघून ओरडून सांगितलं, "सुचित्रा! निघाले!" आतून आवाज आला, "काढायचे होते का लावायचे होते?"

आता लावायचं. पेटीत स्क्रूंच्या पाच पुड्या. पाच! प्रत्येकीत दोन. कारण पिस्तुलं वेगवेगळी, लांबी वेगवेगळी. काकांनी सगळ्यांत लांब उचलले. रवी म्हणाला, "काका, मॅन्युअलमध्ये बघायचं का कोणते ते?" काकांनी दोन्ही चष्म्यांच्या वरून त्याच्याकडे बघितलं. "मॅन्युअल? अरे, मी मॅन्युअल लिहायचो! लिहिणारा वाचत नसतो. जास्त लांबी, जास्त आटे, जास्त पकड. संपलं!"

बसली! काच बसली, घट्ट बसली, काय रुबाब! काकांनी पिस्तूल जोडलं, काकूंना हाक मारली. काकू आल्या. पदराला... नाही, टी-शर्टला हात पुसले. आधी रिकामं आहे ना ते बघितलं. मग स्लाइडच्या बाजूला एक बारीक आकडा असतो, उडालेलं काडतूस ओढून बाहेर टाकणारा, तो काकू नेहमी नखानं दाबून बघतात, तो दाबला. एरवी तो स्प्रिंगसारखा हलतो. आता? ढिम्म!

"अहो, हे हलत नाही."

"नवीन आहे. बसेल हळूहळू."

"चप्पल आहे का बसायला?"

लांब स्क्रू हो! तो आत इतका उतरला होता की खालच्या बारीक दांडीवर जाऊन टेकला होता आणि त्या दांडीनं आकड्याला दाबून धरलं होतं. म्हणजे आता काच काढा, लांब स्क्रू काढा, आखूड लावा. काकांनी काढले. आखूड स्क्रूंची पुडी घेतली. ती फाटेना. कात्री शेजारी पडलेली, बरं का! पण माणूस चिडलेला, त्यानं पुडी दातात धरली आणि ओढली...

टिंग!

एकच टिंग. दोन स्क्रू उडाले, एक टॉवेलवर पडला म्हणून आवाज नाही, आणि दुसरा कुठेतरी टिंग करून गेला. कुठे? कार्पेटमध्ये! आणि कार्पेट कसलं, तर मऊ, दाट, एखाद्या गुबगुबीत मेंढीसारखं! झालं, रवी खाली, काका खाली, काकू खाली. फ्रिजवरचं लोहचुंबक आणलं, ते ग्रँड कॅन्यनचं चित्र असलेलं, आणि काका ते कार्पेटवर इस्त्रीसारखं फिरवताहेत. सेफ्टी पिन मिळाली. स्टेपलरच्या चौदा पिना मिळाल्या. पुढे कोपऱ्यात रवीच्या हाताला काकूंच्या कुडीचं सोन्याचं मळसूत्र लागलं, चार वर्षांपूर्वी हरवलेलं! काकू तिथेच जमिनीवर बसून, "अगंबाई! अगंबाई! बघा हो!" पण स्क्रू? नाही!

तेवढ्यात टेबलावरच्या आयपॅडवर अनिकाचा व्हिडिओ कॉल. काकूंनी बसल्या बसल्या हात लांबवून घेतला. पलीकडून अनिका बघतेय तर पडद्यावर दोन पुरुषांच्या पाठी! "आई? व्हाय इज बाबा क्रॉलिंग? अँड हू इज दॅट विथ द कुकर?" काका जमिनीवरूनच ओरडले, "एव्हरीथिंग इज अंडर कंट्रोल!"

हसू नका, कारण पुढचं ऐका. फोन ठेवला, रवी गेला, आणि काकूंनी टॉवेलची घडी घातली. म्हणाल्या, "राहू दे हो. एवढी धडपड केलीत. उद्या नाही गेले तर काय बिघडतं? मला मसाल्यांचं कपाट लावायचंच आहे."

मसाल्यांचं कपाट! काकांच्या डोळ्यांसमोर बरण्याच आल्या... ए फॉर अमचूर, बी फॉर बडीशेप... काका म्हणाले, "मी दूध आणतो." स्लाइड, काच, उरलेला एक स्क्रू, पुड्या, मॅन्युअल, सगळं नॅपकिनमध्ये गुंडाळून जेवणाच्या स्टीलच्या डब्यात घातलं, आणि निघाले. दुधाला डबा घेऊन कोण जातं टेक्सासमध्ये? पण काकू कपाटाकडे गेल्या होत्या, त्यांनी बघितलं नाही.

गाडी थेट बंदुकांच्या दुकानात. काउंटरमागे डेल. डेल म्हणजे दरवाज्याएवढा माणूस, पांढरी दाढी छातीपर्यंत. "हाउडी, सर! व्हॉट्च्या गॉट?" काकांनी डबा उघडला. डेलनं आत बघितलं, दाढी कुरवाळली. "सर, आय बीन हिअर ट्वेंटी इयर्स. नोबडी एव्हर ब्रॉट मी वन इन अ लंचबॉक्स." मग म्हणाला, द्या इकडे, दहा मिनिटांत लावतो. काका म्हणाले, "नो. मला फक्त एक स्क्रू द्या. आय ॲम अ हेलिकॉप्टर इंजिनिअर."

"इज दॅट राइट?" डेल काउंटरवर रेलला. तो म्हणे आर्मीत होता, हेलिकॉप्टर मेकॅनिक, अकरा वर्षं! कोणतं हेलिकॉप्टर? काकांनी सांगितलं. कोणता भाग? गिअरबॉक्स. आणि तुम्हाला सांगतो, डेलचा चेहरा बदलला. सावकाश म्हणाला, "त्या गिअरबॉक्सला, ऑइल कूलरच्या मागे, एक बोल्ट आहे. तिथे माणसाचा हात जात नाही. पाना जात नाही. मी अकरा वर्षं त्या बोल्टाला शिव्या दिल्या. आणि ज्यानं तो तिथे ठेवला त्याला, सर, रोज रात्री झोपताना."

आता बघा, गप्प बसता आलं असतं. "असेल कुणीतरी," म्हणायचं, स्क्रू घ्यायचा, निघायचं! पण काका म्हणाले, "दॅट वॉज मी."

डेलनं उजवा हात पुढे केला. बोटांच्या दोन सांध्यांवर पांढरे व्रण. "व्हाय, सर? जस्ट टेल मी व्हाय."

काका म्हणाले, "कागदावर हात पोचत होता."

आणि मग तो डोंगर हसायला लागला! काउंटर हलला, काचेच्या कपाटातली पिस्तुलं हलली, आतून दुसरा एक माणूस बघायला आला काय झालं म्हणून! डोळे पुसून डेल म्हणाला, स्क्रू फुकट. तो तिकडे बेंच, ते माझं टॉर्कचं हत्यार, ठरलेला जोर लागला की टिक् म्हणतं. लावा तुम्हीच. माझे हात खिशात. पण एक अट. "यू रीड द मॅन्युअल, सर. आउट लाउड."

आणि काकांनी वाचलं हो! बंदुकांच्या दुकानात उभं राहून, दोन चष्मे लावून, पोथी वाचावी तसं, पहिल्या पानापासून! तिसऱ्याच पानावर ठळक अक्षरांत होतं: लांब स्क्रू वापरू नयेत. डेल म्हणाला, "रीड दॅट वन अगेन." काकांनी पुन्हा वाचलं. मग जागा पुसली, स्क्रूला निळ्या गोंदाचा अर्धा थेंब लावला, इकडचा थोडा, तिकडचा थोडा, इकडचा थोडा... दोनच तर स्क्रू! आणि शेवटी... टिक्. दुसरा... टिक्. काका मला म्हणाले, "अरे, तीन वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता." डेलनं आकडा नखानं दाबला. टुण्णकन हलला. डेलचा हात काकांच्या पाठीवर पडला, काका दोन पावलं पुढे गेले.

घरी आले, "डेलकडे लावली," म्हणाले. काकूंनी पिस्तूल जोडलं, रिकामं आहे ते बघितलं, त्यांचं त्यांनी आणि काकांचं काकांनी, आणि मागच्या भिंतीकडे रोखून काचेतून बघितलं. पिस्तूल खालीच घेईनात! काका घाबरले. "काय झालं? वाकडी बसली?"

"दिसतोय," काकू म्हणाल्या. अगदी हळू. "अहो, स्वच्छ दिसतोय. गोल. एवढासा."

काकांनी घाईघाईनं बघितलं, तर त्यांना गोल कसला, फुलबाजी दिसली! तिरपी, चारी बाजूंना ठिणग्या! "फसवलं! बिघडलेली पाठवली! परत करा!" काकूंनी पिस्तूल काढून घेतलं. "काच चांगली आहे. तुमच्या डोळ्यांचा नंबर तिरपा झालाय. सोमवारी तपासून या." आणि जाता जाता, "दूध कुठाय?"

दूध! दूध नाहीच आणलं!

रविवार. मॅचच्या आधी सरावाच्या लेनवर काकूंनी तीन गोळ्या मारल्या, ठिपका बरोबर जागी आणायला काचेवरच्या छोट्या कळा फिरवल्या, काकांना हातही लावू दिला नाही, पुन्हा तीन मारल्या, मान हलवली. मग नाव पुकारलं. कानांवर हेडफोन, डोळ्यांवर चष्मा, साडेपाच फुटांच्या काकू उभ्या राहिल्या, आणि मागे काका! बीप झाली.

टण्ण! पहिली पडली. टण्ण! दुसरी. टण्ण, टण्ण! काका मोजताहेत, ओठ हलताहेत. टण्ण! पाचवी. मग काकू थांबल्या. एक श्वास. सहावी थाळी, जी सहा वर्षांत कधी धड पडली नव्हती...

टण्ण!

काकूंनी पिस्तूल रिकामं केलं, पंचाला दाखवलं, खाली ठेवलं, सगळं नियमानं, सावकाश... आणि मग दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या लेनवरचे लोक हेडफोन लावून असताना वळले! आणि काका? हा माणूस रडत होता हो! लग्नात रडला नाही, अनिकाच्या पाठवणीला रडला नाही, लोखंडी थाळी पडली म्हणून रडला! पासष्टच्या वरच्या बायकांत काकू दुसऱ्या आल्या. गटात किती जणी होत्या ते विचारू नका. बरं, तीन होत्या. पण दुसऱ्या!

आणि मग गर्दी जमली. सगळ्यांना ती काच बघायची. "सुचित्रा, हू माउंटेड इट? सच क्लीन वर्क!" काका पुढे झाले, छाती बाहेर, तोंड उघडलं... आणि काकू म्हणाल्या, "डेल! डेलच्या दुकानात लावली. काय हात आहे त्याचा!"

"मी लावली!" काका म्हणाले. "अगं, मी! माझ्या हातांनी!"

"हो हो, तुम्हीच," काकू त्यांच्या दंडावर थोपटत म्हणाल्या, आणि सगळ्यांना डोळा मारला. तेवढ्यात खुद्द डेल आला, मॅचला होताच. काका म्हणाले, "डेल, टेल देम!" डेल प्रामाणिकपणे म्हणाला, "हँड्स इन माय पॉकेट्स, फोक्स. ही डिड द होल थिंग." आणि लोक? खो खो हसले! कुणीतरी म्हणालं, "ॲव, डेल, दॅट्स सो स्वीट ऑफ यू!" संध्याकाळी अनिकाचा फोन. "बाबा, आय ॲम सो प्राउड यू लेट द शॉप डू इट."

आता बोला! खरं सांगून कुणी ऐकत नाही, साक्षीदार उभा केला तर त्याचंच कौतुक! सोमवारी काकूंनी बेसनाचे लाडू केले, मसाल्यांचं कपाट तसंच अर्धं उघडं टाकून, गाणं गुणगुणत. दहा लाडू भरले, वर चिठ्ठी लावली: "डिअर डेल, थँक यू फॉर माउंटिंग इट सो ब्यूटिफुली." आणि पोचवायला कोण? काकाच! डोळे तपासायला निघाले होते ना त्या बाजूला.

काकांनी वाद घातला नाही. गाडी काढली. डेलच्या दुकानासमोर लावली, इंजिन बंद केलं, इकडेतिकडे बघितलं, डबा उघडला, आणि शांतपणे त्यातले तीन लाडू खाल्ले. मजुरी हो, दुसरं काय!